बारा म्हण त्यांना

नाशिक, १४ जानेवारी २०२५

प्रिय सार्थक,
सप्रेम जय भीम.

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. तुझ्या जुन्या नंबरवर आता तुझ्या ऑफिसातलं कोणीतरी असतं. परवा मी लिहिलं, 'तिळगूळ पाठवू का?' लगेच उत्तर आलं, 'सार्थक पगारे यांच्या टीमशी संपर्क साधल्याबद्दल आभार.' तिळगुळाचं काय ते कळलंच नाही.

इकडे सकाळी फार धुकं पडतं. आज शाळेत जाताना पुलावरून गोदावरी दिसलीच नाही. खाली पाणी आहे असं धरून मी पूल ओलांडला. मला ते आवडलं. धुक्यात सगळीच माणसं माझ्यासारखी होतात, एकमेकांच्या तोंडाकडे निरखून बघत चालतात.

पहाटे तू स्वप्नात आला होतास. स्वप्नात मला ऐकू येतं, हे तुला माहीत आहे. सातव्या वर्षी ताप आला आणि आवाज गेले, पण त्याआधीचे कुठेतरी शिल्लक आहेत. ओझरच्या कारखान्यावरून चाचणीला उडणारं विमान, बाबांच्या सायकलची घंटी, भांडी घासताना आईचं गुणगुणणं. तू त्या तापानंतर जन्मलास, त्यामुळे तुझा आवाज माझ्याजवळ नाही. स्वप्नात तुला दर वेळी कोणाचा तरी उसना आवाज असतो. आज आईचा होता. तू बातम्या सांगत होतास आणि मी म्हणत होते, सावकाश, अजून सावकाश.

आपलं सगळं तिथूनच सुरू झालं ना? टीव्हीवरच्या निवेदकांची तोंडं मध्येच गायब व्हायची आणि मला अर्धी बातमी कळायची. मग जेवण झालं की तू माझ्यासमोर बसून दिवसभराचं राजकारण सांगायचास. ट्यूबलाइटकडे तोंड, शब्द सुटे सुटे, ओठ मोकळे. आई गेली त्या वर्षीही तू एक दिवस चुकवला नाहीस. मी म्हटलं, माझ्यासारख्या इतरांसाठीही हे रेकॉर्ड कर. चॅनेलचं नाव तूच ठेवलंस, 'ताईसाठी बातम्या'. मोबाईल मी धरायचे. आधी आमच्या शाळेतले पालक बघायचे, मग ज्यांना चांगलं ऐकू येतं तेही बघायला लागले. 'हा पोरगा किती स्वच्छ बोलतो' असं लोक लिहायचे.

सातपूरच्या रस्त्याचा व्हिडिओ केलास तेव्हा त्या नगरसेवकाची माणसं घराखाली येऊन उभी राहिली होती. बाबा बनियनवरच खाली उतरले आणि जिन्यात आडवे उभे राहिले. वर आल्यावर म्हणाले, "पोरगं खरं बोललंय." त्यानंतर विरोधी पक्षाचे लोक हार घेऊन आले, तेव्हाही तू तो घेतला नाहीस. मला वाटतं, तेव्हा मी तुझ्याकडे बघून जितकी सुखावले तितकी कधीच नाही.

मग निवडणुका आल्या, मुंबईचा स्टुडिओ आला, चॅनेलचं नाव 'सार्थक बोलतो' झालं.

एक सांगायचं होतं. काल शाळा सुटल्यावर फाटकापाशी एक मुलगी उभी होती. नर्सिंग कॉलेजचा स्वेटर, हातात दप्तर. घाईघाईने बोलायला लागली, मी हात धरून तिला थांबवलं. मग ती सावकाश म्हणाली, "मी पिंकी. सुरगाण्याच्या नवसाबाई गावितांची मुलगी."

मी तिला चहाला नेलं. तिच्या आईच्या त्या क्लिपवरून हॉस्टेलमधल्या मुली तिला काय काय म्हणतात ते तिने सांगितलं. आता ती खोली सोडून मावशीकडे राहते. मग तिने विचारलं, "सर व्हिडिओत म्हणतात, माझ्या बहिणीला ऐकू येत नाही, म्हणून तिला कोणी फसवू शकत नाही. ती बहीण तुम्हीच ना? मॅडम, तुम्ही खरंच 'मारा' वाचलं होतं?"

मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

बाबा बरे आहेत. तुझे व्हिडिओ रोज बघतात. गुडघा तेवढा दुखतो.

तुझी,
ताई


नाशिक, ९ फेब्रुवारी

प्रिय सार्थक,

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरते.

मी पिंकीबरोबर सुरगाण्याला जाऊन आले. बाबांना सांगितलं की शाळेची सहल आहे.

वणी मागे पडली की डोंगर जवळ यायला लागतात. भातखाचरं कापून झालेली, सगळीकडे फिकट पिवळा उजेड. बसमध्ये मला झोप लागत होती आणि दर वेळी डोळे उघडले की आधीचंच स्वप्न पुढे सरकल्यासारखं वाटत होतं. त्यांचा पाडा उतारावर आहे. घराच्या एका खिडकीला काचेऐवजी पोतं लावलंय. ती काच तुझा व्हिडिओ आल्यानंतरच्या आठवड्यात फुटली.

नवसाबाई उंच आहेत. बोलताना पदराचा काठ तोंडावर धरायची त्यांना सवय आहे. पिंकीने काहीतरी सांगितलं तसा त्यांनी तो खाली घेतला आणि पुढे मी तिथे असेपर्यंत पुन्हा वर नेला नाही. त्यांची बोली मला नीट वाचता येत नव्हती, अडलं की पिंकी सांगायची.

तुला ती क्लिप पाठ असेल, तरी त्यांच्याकडून ऐकलेलं लिहिते. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. मुकादम जीप पाठवतो आणि एकेका जीपमध्ये वीस-बावीस माणसं कोंबतो. त्याच्या आदल्या वर्षी अशीच एक जीप घाटात उलटली होती. म्हणून सरपंच या नात्याने नवसाबाईंनी जीपा अडवल्या. गर्दी जमली, कोणीतरी लांबून मोबाईलवर शूटिंग केलं. त्यात आवाज नाही, नुसता वारा आहे, असं तूच मला तेव्हा म्हणाला होतास. त्या त्यांच्या ओळखीच्या जीपवाल्याकडे, चंदरकडे वाकून काहीतरी बोलतात. नंतर संध्याकाळी मुकादमाच्या माणसाचं डोकं फुटतं.

त्या सांगतात, "मी बोलले, बारा म्हण त्यांना. एका गाडीत बारा, जास्ती नाय."

तू मला ती क्लिप पुन्हा पुन्हा दाखवलीस. मी तुला काय सांगितलं होतं ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. मी म्हणाले, "'मारा म्हण त्यांना' किंवा 'बारा म्हण त्यांना'. ओठांवरून सांगता येणार नाही." तुला तर हे लहानपणापासून ठाऊक. प, ब, म, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. आमच्या वर्गात पोरं नाकावर बोट ठेवून 'म' ओळखतात, नाकात गुणगुण लागते म्हणून. स्क्रीनवरच्या बाईच्या नाकावर बोट कुठून ठेवणार? तू शाळेत होतास तेव्हा आपण बिनआवाजाचे शब्द ओळखायचा खेळ खेळायचो आणि 'माळ', 'बाळ', 'पाळ' आलं की तू चिडायचास.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओत फक्त 'मारा' होतं. खाली माझा फोटो होता. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ताई, लोकांना दोन शब्द चालत नाहीत." त्यावर मी ताट तसंच ठेवून उठले आणि तू मुंबईची गाडी पकडलीस. तेव्हापासून आपण बोललो नाही.

त्यानंतर त्यांच्यावर चिथावणीचा गुन्हा दाखल झाला, काही दिवस त्या कोठडीत होत्या, सरपंचपदावरून काढण्याची चौकशी लागली. ती चौकशी अजून चालू आहे. त्यांच्या वकिलाने विचारलंय, मी येऊन जबाब देईन का.

मी त्यांना सरळ सांगितलं, तुम्ही 'बारा' म्हणालात असं मी सांगू शकणार नाही. मला ते दिसलेलं नाही. मला दोन शब्द दिसले, एवढंच सांगेन. वाटलं होतं, त्या नाराज होतील.

त्या म्हणाल्या, "तुला दिसलं तेवढंच सांग. त्याच्या पुढचं मी सांगीन."

निघताना त्यांनी नागलीच्या पापडांची पिशवी दिली. ती मी कपाटात मागे ठेवलीय. बाबांनी विचारलं तर काय सांगू?

पिंकीला मी चहा पिताना खरं तेच सांगितलं होतं, हे तू ओळखलं असशीलच.

ताई


नाशिक, ३ मार्च

सार्थक,

तुझी चिठ्ठी आणि पार्सल दोन्ही मिळालं. चिठ्ठीत एकच ओळ. 'ताई, प्लीज जबाब देऊ नकोस, त्या एका व्हिडिओवर माझं सगळं उभं आहे.' अक्षर अजून तसंच आहे, 'झ' उलटा.

फोन भारी आहे. समोरचा बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटतं, हे बघून मी दिवसभर त्याच्याशीच खेळले. भाजीवाली म्हणाली, "कोथिंबीर संपली." फोनने लिहिलं, 'कोठी भीर संपली'. बाबांसमोर धरला तर त्यांनी बोलणंच बंद केलं.

हे मी आधी लिहायला हवं होतं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पापडांची पिशवी त्यांना सापडली आणि मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त तोंड फिरवलं. दुसऱ्या कोणावर रुसले तर भिंतीकडे बघून का होईना, दोन शब्द ऐकवता येतात. माझ्याकडे पाठ केली की सगळंच संपतं. ते चहा ठेवतात, कप माझ्यापुढे सरकवतात आणि खिडकीकडे बघतात. मी त्यांच्या मानेकडे बघत चहा पिते. पहिल्या पत्रात मी 'बरे आहेत' असं लिहिलं होतं, तेव्हा खरंच बरे होते.

त्यांना काय वाटतं ते मला कळतं. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती सकाळी फिरायला भेटतात आणि म्हणतात, पगारेसाहेब, तुमच्या पोराने कालही धुतलं एकेकाला. बाबांनी उभा जन्म विमानाच्या पोटात रिवेट मारले, त्या विमानांवर त्यांचं नाव कुठेच नाही. आता मुलाच्या तोंडून त्यांचं आडनाव महाराष्ट्रभर जातं. ते मी हिरावून घेतेय असं त्यांना वाटतं.

तुझे नवे व्हिडिओ मी बघते. तू आता फार वेगात बोलतोस. ओठ नीट उघडत नाहीत, मध्ये मध्ये चित्रं येतात, तुझं तोंड झाकलं जातं. एका वाक्यातले तीन-चार शब्द कळतात, 'गद्दार', 'उघडे पाडू', 'यांना'. बाकीचं मी मनाने भरते. खरं सांगू, मी भरलेलं तुझ्यापेक्षा बरं असतं. परवा मी तुझा अख्खा व्हिडिओ तसा पाहिला. माझ्या मनातला सार्थक द्राक्षांच्या निर्यातीबद्दल बोलत होता, मुकादमांबद्दल बोलत होता, मध्ये थांबून 'हे मला नक्की माहीत नाही' असंही म्हणत होता. संपल्यावर मी डोळे मिटून बराच वेळ बसून राहिले.

एकवीस तारखेला मी जबाब द्यायला जाणार आहे. तुला पाठीमागून कळू नये म्हणून लिहिलं.

फोन परत पाठवत नाही. आवडलाय.

ताई


नाशिक, ३० मार्च

सार्थक,

दिलेला जबाब तू वाचलाच असशील, चार चॅनेलांनी दाखवला.

फार काही नव्हतं. एक खोली, पंखा, टेबलामागे चौकशी अधिकारी. आमच्या शाळेतल्या बाई दुभाषी म्हणून सोबत होत्या. मला विचारलं, तुम्ही क्लिप पाहिली का? पाहिली. काय वाचलं? मी दोन्ही शब्द सांगितले. भावाला दोन्ही सांगितले होते का? मी म्हणाले, हो. 'हो' म्हणताना माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे. नवसाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मग तुझा व्हिडिओ आला. तो मी एकदाच पाहिला. या वेळी तू सावकाश बोललास, एकही चित्र मध्ये आलं नाही, सगळं वाचता आलं. 'माझ्या ताईवर दबाव आणला गेलाय. ती भोळी आहे. तिला काय विचारलं तेही तिला कळलं नसेल.'

मला नीट कळलं, सार्थक.

खाली लोकांनी काय लिहिलं ते मी वाचायला नको होतं, पण वाचलं. 'बहिरीला किती दिले?' 'भावाच्या जिवावर जगते आणि त्यालाच बुडवते.' काहींनी माझ्या वर्गातल्या पोरांनाही सोडलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं, प्रेमानेच. मी दोन्ही दिवस झोपले. स्वप्नात एक मोठं मैदान होतं, त्यात खूप माणसं माझ्याकडे बघून तोंडं हलवत होती आणि स्वप्न असूनही मला काहीही ऐकू येत नव्हतं. असं पहिल्यांदाच झालं.

बाबांनी विचारलं नव्हतं, पण मी आपणहून त्यांना लिहून दाखवलं की लोक चांगलंच लिहितायत. ते शिकलेले आहेत, चष्मा लावून त्यांनी स्वतः सगळं वाचलं. मी आतून बघत होते. ते खूप वेळ वाचत होते. मग उठले, स्वयंपाकघरात आले आणि माझ्या अगदी समोर, खिडकीच्या उजेडात उभे राहिले. एवढ्या दिवसांनी त्यांचे ओठ मला दिसले. मिशी पांढरी झालीय.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी नागलीचे पापड भाजले.

मला आणखी काही लिहायचं नाही. या पत्राखाली नावही घालावंसं वाटत नाही, पण मग तुझ्या ऑफिसातल्या माणसाला कळणार नाही कोणाचं ते.

राखी


नाशिक, १२ मे

प्रिय सार्थक,

तू काल परत गेलास आणि आज मी लिहायला बसले. समोर होतास तेव्हा काही गोष्टी सांगायच्या राहिल्या.

आधी बातमी. नवसाबाईंची चौकशी बंद झाली, सरपंचपद त्यांच्याकडेच राहिलं. गुन्ह्याचं कोर्टात चालू आहे, पण वकील म्हणतात, आता त्यात दम नाही. पिंकी हॉस्टेलला परत गेली.

एप्रिलमध्ये तू दारात उभा राहिलास तेव्हा बाबांनी दार उघडलं आणि मला बोलवायला आत आले, तेव्हा त्यांच्या तोंडावरून मला वाटलं, कोणीतरी वारलंय. तू चप्पल न काढता तिथेच उभा होतास. मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू माझ्यासमोर येऊन बसलास, मी दुसरीकडे बघितलं, तू तिकडे सरकलास. मग तू जे म्हणालास ते मी वाचलं.

"ताई, लोक तुला जे लिहीत होते ते मी सगळं वाचलं. ती भाषा त्यांनी माझ्याकडूनच घेतलीय."

मी तुझ्याकडे रोखून बघत राहिले. तुला वाटलं असेल, मी अजून रागावलेय. मी रागावलेलीच होते. पण मला तुझा चेहरा वाचत राहायचं होतं, किती महिन्यांनी तो मोबाईलवर नाही, समोर दिसत होता.

तू तो व्हिडिओ काढून टाकलास, दुसरा केलास, त्यात दोन्ही शब्द सांगितलेस. तो फारच थोड्यांनी पाहिला. जुना अजून लोकांच्या मोबाईलमधून फिरतोय, तो काही तुझ्या हातात नाही. स्टुडिओने तुझं टेबल दुसऱ्याला दिलं. कालपर्यंत तुला डोक्यावर घेणारे आता तुला विकला गेलास म्हणतात. तू हे सगळं बाबांना सांगत होतास तेव्हा मी दारातून बघत होते. बाबा म्हणाले, "रिवेट चुकला तर काढून परत मारतात. विमान तसंच सोडत नाहीत." मग लाजले.

आता सुरगाण्याचं. नवसाबाईंना भेटून तू माफी मागितलीस तेव्हा त्यांनी ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस, मला तर ठाऊकच हाय. बाजारच्या दिवशी ये. सगळ्यांला सांग."

बाजारात तू त्या चिंचेखाली उभा राहिलास. माईक नाही, मोबाईल नाही. ऊन पांढरं पडलं होतं, धूळ उठत होती, सुक्या बोंबलांचा वास येत होता, करवंदांच्या पाट्या भरून बायका बसल्या होत्या. तू बोलायला लागलास आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. तू काय बोलणार ते मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. तुला ते दिसले नसतील, तू मान खाली घातली होतीस, म्हणून लिहिते.

पहिल्यांदा कोणीच वळलं नाही. मग मिरच्या विकणाऱ्या बाईने तागडी खाली ठेवली. दोन माणसं हसली. चंदर जीपला टेकून उभा होता, त्याने हातांची घडी सोडली. एक म्हातारी शेजारणीला काहीतरी विचारत होती, ती सांगत होती, मग दोघींनी नवसाबाईंकडे बघितलं. नवसाबाई करवंदं निवडत होत्या. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही, पण पाटीतली तीच ती करवंदं निवडत होत्या.

मग तो टोपीवाला म्हातारा पुढे आला. त्याचं बोलणं मी वाचलं. "मंग तवा खोटं बोलला का आता बोलतोस?"

तेव्हा मी तुझ्याकडे वळले. तू मान वर केलीस आणि त्याच्याकडे बघितलंस.

"तेव्हा," तू म्हणालास.

म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो मीठ घ्यायला गेला. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवी दिली नाही. मिरचीवालीने तागडी उचलली. नवसाबाईंनी पानात करवंदं बांधून तुझ्या हातात दिली आणि पदर सावरून निघून गेल्या. तू मला नंतर विचारलंस, याचा अर्थ काय. मला माहीत नाही, सार्थक. करवंदं चांगली होती.

परतीच्या एसटीत बसल्याबरोबर तू झोपलास. त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तुझ्या शर्टाच्या खिशातला फोन माझ्या दंडाला लागून थरथरत होता. थांबायचा, परत थरथरायचा, जणू आत एखादा किडा अडकलाय. कोण काय लिहीत होतं देव जाणे. एकदा वाटलं, काढून बंद करावा, पण तुझी झोपमोड झाली असती. बाहेर सागाची पानं गळालेली, डोंगर उन्हात विरघळल्यासारखे दिसत होते. वळणं सुरू झाली. मी दंड तसाच ठेवून बसले. घाटात कुठेतरी रेंज गेली आणि तो थांबला. तू झोपेत काहीतरी पुटपुटलास, ओठ हलले, पण मी वाचायला वाकले नाही. मीही डोळे मिटून घेतले.

तुझी,
ताई